बावीस नंबरच्या सेक्शनचा रस्ता

सभेच्या दिवशी सकाळी बोर्गहिल्डने जुन्या शाळेच्या भिंतीवरचा नकाशा उतरवून टेबलावर पसरला आणि निळी पेन्सिल हातात घेऊन ती बराच वेळ नुसतीच उभी राहिली.

चौतीस वर्षं ती विकेन टाउनशिपची सचिव होती. सहा मैल लांब, सहा मैल रुंद, एकेका मैलाचे छत्तीस सेक्शन. पोरवयात याच शाळेच्या बाकावर बसून तिने ते पाढ्यासारखे पाठ केले होते. ईशान्येच्या कोपऱ्यातून सुरुवात, मग नांगर वळतो तसं एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. तेव्हा दक्षिणेकडचं सरोवर इतकं लहान होतं की मास्तरीणबाई त्याच्यावर बोट ठेवायच्या आणि ते बोटाखाली झाकून जायचं. आता त्याचं नावही कुणी घेत नसे. सगळे नुसतं ‘पाणी’ म्हणत. घरातल्या हट्टी म्हाताऱ्याची चौकशी करावी तसं, “पाणी काय म्हणतंय?” “पाणी सरकलं का?”

पाणी अठरा वर्षं एकाच दिशेने सरकत होतं. अकरा सेक्शन पुरते बुडाले होते, चार अर्धेमुर्धे. जुन्या नोंदीत एका काळी टाउनशिपमध्ये तीनशेच्या वर माणसं होती. गेल्या वर्षीच्या जनगणनेत भरली एकवीस, आणि त्यांतली अकरा एकट्या तिच्या फोसेन घराण्यातली.

बोर्गहिल्डने निळी रेषा ओढली. ती बावीस नंबरच्या सेक्शनला पूर्वेकडून आणि दक्षिणेकडून वेढून वर चढली. पश्चिमेला दलदल होती. उरला उत्तरेचा रस्ता, पंधरा नंबरमधून जाणारा, आणि त्याच्याही दोन्ही बाजूंना पाणी आलेलं. रस्त्याच्या टोकाला एकच घर होतं. तिच्या मोठ्या भावाचं, हाल्वोरचं.

“किती आलं वर?” दारातून डार्लीनने विचारलं. दोन्ही हातांत गरम भांडं, वर जाड टॉवेल. ही तिच्या धाकट्या भावाची, आर्विडची बायको. सभा असो की मयत, डार्लीनची बटाटा-खिम्याची हॉटडिश तिच्या आधी दार ओलांडायची.

“वाटलं होतं त्यापेक्षा जास्त. बर्फ वितळला की रस्त्यावर फूटभर तरी चढेल.”

“म्हणजे हाल्वोर बेटावर.”

“नाहीतर रस्ता उंच करायचा.”

डार्लीनने भांडं शेगडीवर ठेवलं. “आणि डेलमारचा रस्ता?”

सगळा पेच तिथेच होता. काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या खाणीतून यंदा जेवढी खडी मिळणार होती तेवढ्यात एकच रस्ता उंच होणार होता. एक तर हाल्वोरचा, नाहीतर पश्चिमेकडच्या डेलमार राउशचा. डेलमारकडे मुलगा, सून, नातवंडं धरून सहा माणसं होती. त्या रस्त्याने शाळेची बस जायची आणि दुधाचा टँकर यायचा. हाल्वोरकडे हाल्वोर होता.

“तू कुणाकडून?” डार्लीनने विचारलं.

“सचिव कुणाकडून नसते.”

“मला नको सांगूस. चाळीस वर्षं ओळखते तुला.”

खरं तर बोर्गहिल्डने दोघांना शब्द देऊन ठेवला होता. हाल्वोरला म्हणाली होती, मी तुझ्या रस्त्याला हात वर करीन. आणि काल फार्गो शहरातून हाल्वोरच्या मुलाचा, कर्टिसचा फोन आला तेव्हा त्यालाही हो म्हणून बसली होती. “आत्या, तू तरी विरोधात मत दे,” कर्टिस गयावया करत होता. “रस्ता झाला तर ते तिथेच मरतील. मी जागा बघून ठेवलीय. सहाव्या मजल्यावर, लिफ्ट आहे, खाली कॉफीची खोली आहे, त्यांच्याच वयाची माणसं आहेत.” त्याचं चुकत नव्हतं. चार वर्षांपूर्वी बायको, युनिस गेल्यापासून हाल्वोर एकटाच होता. मागच्या जानेवारीत अंगणातल्या बर्फावर पडला, तेव्हा टपालवाला येईपर्यंत दोन तास तसाच पडून होता.

आर्विडचंही तेच म्हणणं होतं. गेल्या जूनमध्ये वादळात रस्त्याचा एक तुकडा वाहून गेला तेव्हा तो हाल्वोरच्या दारात उभा राहून म्हणाला, “आता पुरे. घर सोड.” हाल्वोरने दार लावून घेतलं. त्या दिवसापासून नऊ महिने दोघं भाऊ एकमेकांशी बोलले नव्हते. फोसेनांचं भांडण म्हणजे आरडाओरडा नव्हे, भांडण म्हणजे न बोलणं. चर्चमध्ये एकाच बाकावर दोघं दोन टोकांना बसत आणि मध्ये बोर्गहिल्ड. प्रार्थनेचं पुस्तकही तिच्या हातून इकडून तिकडे जाई.

एक वाजेपर्यंत माणसं जमली. मताचे हक्कदार चौदा, आले तेरा. डेलमार आणि त्याच्याकडची मोठी माणसं खिडकीशी बसली. डेलमार एवढा धिप्पाड की शाळेच्या बाकावर त्याला तिरकंच बसावं लागे. आर्विड अध्यक्षाच्या खुर्चीवर. त्याची मुलगी कारी इस्पितळातली पाळी संपवून नर्सच्या कपड्यांतच आली होती. सगळ्यांत शेवटी आला हाल्वोर. चौऱ्याहत्तर वर्षांचा, ताठ, टोपी कानापर्यंत ओढलेली. तो खजिनदार, त्यामुळे त्याची जागा आर्विडच्या शेजारीच होती. त्याने खुर्ची उचलली आणि टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवली.

“सभा सुरू,” आर्विड म्हणाला.

किरकोळ कामं झाली. मग तो नकाशाकडे वळला आणि घसा खाकरला. “खडीचा प्रश्न. डेलमार, तू बोलतोस?”

डेलमार अवघडला. “मी काय बोलू? हाल्वोरने माझ्या बापाला शेत पेरून दिलंय, बाप आजारी होता तेव्हा. मी माझ्या तोंडाने कसं म्हणू, याचा रस्ता करू नका?”

“मी म्हणते,” कारी म्हणाली. सगळ्यांनी वळून पाहिलं, कारण कारी म्हणजे हाल्वोरची लाडकी. त्यानेच तिला ट्रॅक्टर शिकवला, पहिल्या नोकरीला जाताना आपली जुनी पिकअप दिली. ती उभी राहिली आणि सरळ त्याच्याकडे बघत बोलली. “काका, मी त्या इस्पितळात काम करते. तुमच्या रस्त्यावर पाणी असताना अँब्युलन्सचा फोन आला, तर तो घेणारी मीच असेन. मला तो घ्यायचा नाही. माझं मत डेलमारच्या रस्त्याला.”

“शाब्बास,” आर्विड पुटपुटला.

“शाब्बास काय?” डार्लीन ताडकन म्हणाली. “माझं मत हाल्वोरला.”

आर्विडने बायकोकडे असं पाहिलं, जणू त्याच्या खालची खुर्चीच कुणी ओढून घेतली. “तू? रोज रात्री जेवताना तूच म्हणतेस ना, म्हातारा बुडून मरेल म्हणून?”

“म्हणते. पण माणसाला आपल्या घरात राहायचं असेल तर राहू द्यावं. तुझ्या आईनेच सांगितलं होतं मला हे, लग्न होऊन आले तेव्हा. आणि नऊ महिने घरात फुगून बसलेला माणूस मी सांभाळलाय, तो हाल्वोर नव्हे.”

खिडकीशी कुणीतरी हसलं. आर्विडचे कान लाल झाले. बोर्गहिल्ड खाली मान घालून वृत्तान्त लिहीत राहिली. आता मत मागतील, हात वर करावा लागेल, आणि कोणत्याही रस्त्याला हात वर केला तरी एक शब्द खोटा पडेल.

तेवढ्यात हाल्वोर उभा राहिला. टोपी काढून टेबलावर ठेवली.

“एवढा वेळ कशाला घालवता,” तो म्हणाला. “मला मोजता येतं. तिकडे सहा, इकडे एक. मीच ठराव मांडतो. बावीस नंबरचा रस्ता बंद करावा, खडी डेलमारला द्यावी.”

शेगडीत लाकूड तडकलं तेवढंच.

“आणि दुसरं. महिनाअखेरीला मी कर्टिसकडे फार्गोला जातोय. तेव्हा खजिनदार दुसरा बघा.”

बोर्गहिल्डची पेन्सिल थांबली. हे व्हावं असंच तर कर्टिसने मागितलं होतं, कारीने मागितलं होतं, आर्विड नऊ महिने हेच म्हणत होता. मग हे लिहून का घेववत नाही, तिला कळेना. एकवीसचे वीस होणार. खजिनदार व्हायला कुणी तयार नव्हतंच, आणि पदं भरली नाहीत तर टाउनशिपच मोडणार. पण त्या क्षणी तिला टाउनशिप दिसत नव्हती. दिसत होता सहाव्या मजल्याच्या खिडकीत टोपी घालून बसलेला हाल्वोर.

“फार्गोला?” आर्विड म्हणाला.

नऊ महिन्यांतला भावाला उद्देशून पहिला शब्द. हाल्वोरने भिंतीकडे बघत उत्तर दिलं, “हो.”

“लिफ्टमध्ये? तू? धान्याच्या कोठारावर चढायला शिडी लावलेली तुला चालत नाही, उगाच मध्ये येते म्हणतोस!”

“अध्यक्षांनी विषयाला धरून बोलावं.”

“खड्ड्यात गेला विषय! आणि तिथं करणार काय?”

“तूच म्हणालास ना घर सोड? सोडतोय. आता तुझं काय दुखतंय?”

“घर सोड म्हटलं होतं!” आर्विड उभाच राहिला. “गाव सोड कुणी म्हटलं होतं?”

“बावीस नंबर सोडून माझं गाव कुठंय?” हाल्वोरचा आवाज पहिल्यांदाच चढला. “युनिसने त्या घराचा एकेक दरवाजा रंगवलाय. तू मला काय म्हणतोस, तुझ्या माडीवर येऊन राहू? पाहुण्यासारखा? चादरीच्या घड्या घालत?”

आर्विड नुसता टेबलाची कड धरून उभा राहिला, आणि बोर्गहिल्डच्या लक्षात आलं, की त्रेसष्ट वर्षांचा हा माणूस रडण्याच्या बेतात आहे.

“डेलमार,” ती म्हणाली, “तुझा भाचा घरं हलवतो ना अजून?”

सगळे तिच्याकडे बघायला लागले. चौतीस वर्षांत सचिवबाई सभेत एकदाही बोलल्या नव्हत्या.

डेलमारने हळूहळू डोकं खाजवलं. “हलवतो की. गेल्या वर्षी पलीकडच्या काउंटीत चर्च हलवलं. कळसासकट.”

“बावीस नंबरचं घर हलेल?”

“लाकडी आहे. तळघर सोडायचं, खालून लोखंडी तुळया घालायच्या, चाकांवर घ्यायचं. हलेल. पण रस्ता गोठलेला आहे तोवरच. एकदा चिखल झाला की गाडा रुतणार. दहा दिवस आहेत फार तर.”

“तुम्ही कुणी मला विचारणार आहात का?” हाल्वोर म्हणाला.

“नाही,” बोर्गहिल्ड, डार्लीन आणि कारी एकदम म्हणाल्या.

“आणि ठेवणार कुठे? माझी सगळी जमीन पाण्याखाली.”

“दहा नंबरमध्ये,” आर्विड म्हणाला. “सरळ उत्तरेला दोन मैल. वळण एकही नाही. माझ्या अल्फाल्फा गवताच्या टेकाडावर.”

“ती तुझी सगळ्यांत चांगली जमीन आहे.”

“मला शिकवू नकोस माझी कुठली जमीन चांगली ते.”

हाल्वोर टोपी डोक्यावर घालून म्हणाला, “तिथं वारा फार लागतो.”

फोसेनांच्या भाषेत त्याचा अर्थ हो असा होता. बोर्गहिल्डने तसं लिहून घेतलं, आणि त्याखाली, मत न घेताच, खडी डेलमारला.

नवव्या दिवशी सकाळी सातला घर निघालं. पारा शून्याच्या खाली, आकाश कोरं. पुढे डेलमारचा मोठा ट्रॅक्टर, मागे त्याच्या भाच्याचा ट्रक आणि मध्ये सोळा चाकांवर हाल्वोरचं दुमजली पांढरं घर, खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या. कर्टिस पहाटे निघून फार्गोहून आला होता. आल्या आल्या तो बोर्गहिल्डवर घसरला. “आत्या, तू मला शब्द दिला होतास!”

“दिला होता. मत द्यायची वेळच आली नाही.”

“हे बरंय.”

“तुझ्या बापाला विचार, फार्गोला जायचंय का. जायचं म्हणाला तर घर इथेच थांबवू.”

कर्टिसने पुढे पाहिलं. बाप घराच्या पुढे पन्नास पावलांवर चालत होता. हातात लोखंडी पहार, दर दोन पावलांनी रस्त्यावर आपटून आवाज ऐकायचा आणि हात वर करून ये म्हणायचा. डेलमारच्या भाच्याकडे त्यासाठी माणूस होता, पण हाल्वोर म्हणाला होता, हा रस्ता मला माझ्या तळहातासारखा ठाऊक आहे. कर्टिस पिकअपमधून फळ्या उतरवायला गेला.

पहिला मैल सुरळीत गेला. पंधरा नंबरच्या मध्यावर, जूनमध्ये जिथे रस्ता वाहून गेला होता तिथे, हाल्वोरने पहार आपटली आणि हात वर केला नाही. पुन्हा आपटली. मग दोन्ही हात आडवे केले. ट्रॅक्टर थांबला, पण घर थांबायला वेळ लागतो. उजवीकडची मागची चाकं कडेवर आली, वरचा गोठलेला थर मोडल्याचा आवाज झाला आणि अख्खं घर पाण्याच्या बाजूला कललं. धुराड्याच्या चार विटा निसटून बर्फावर आपटल्या.

“सगळे लांब व्हा!” डेलमारचा भाचा ओरडला.

सगळे लांब झाले, आर्विड सोडून. त्याने दोन फळ्या काखेत मारल्या आणि कडेवरून सरळ खाली उतरला. बर्फ फुटला, मांडीपर्यंत पाण्यात गेला. तिथून तो चाकाखाली फळी सारायला लागला.

“आर्विड! बाहेर ये!” डार्लीन किंचाळली.

“वर या बाबा!” कारी धावली, पण तिच्या आधी हाल्वोर पोचला होता. तो रस्त्यावर पालथा पडला आणि एका हाताने भावाच्या कोटाची कॉलर धरली.

“सोड ती फळी. घर गेलं तर जाऊ दे.”

“गप्प बस आणि दुसरी दे.”

“मूर्खा, पाय गमावशील.”

“दुसरी फळी दे, हाल्वोर!”

हाल्वोरने कॉलर सोडली नाही. दुसरा हात मागे केला, कर्टिसने त्यात फळी दिली, ती खाली गेली. मग आणखी एक. बोर्गहिल्ड दोन्ही मुठी तोंडाशी धरून उभी होती. एवढ्या मोठ्या घराचं वजन त्या दोघांच्या डोक्यावर टांगलेलं, आणि खाली ते दोघं लहानपणी भांडायचे तसे भांडत होते. उतार तू चुकीचा धरलायस, मी धरलाय तोच बरोबर, डोळे आहेत की बटणं.

“ओढ!” आर्विड ओरडला.

ट्रॅक्टरने धूर टाकला. चाक फळीवर चढलं, घसरलं, पुन्हा चढलं. घर करकरत सरळ झालं आणि हळूच, एखादी जाड बाई नावेतून उतरून काठावर पाय ठेवते तसं, घट्ट रस्त्यावर आलं. हाल्वोर आणि कर्टिस यांनी मिळून आर्विडला वर ओढलं. कारीने तिथेच रस्त्यावर त्याची पँट आणि बूट काढले, घोंगडीत गुंडाळून पिकअपमध्ये कोंबलं आणि पायांची बोटं एकेक करून चोळली. “दहाच्या दहा आहेत,” तिने जाहीर केलं. हाल्वोर खिडकीत वाकून म्हणाला, “अक्कल मोज.”

दुपारी दोनला घर टेकाडावर उभं राहिलं. पाया उन्हाळ्यात बांधायचा होता. तोवर खाली लाकडी ओंडक्यांच्या थप्प्या होत्या. दारापाशी दूध वाहायच्या दोन क्रेट पायऱ्या म्हणून मांडल्या. आर्विडच्या आवारातून जाड वायर ओढून वीज दिली. डार्लीनने कॉफी आणली, बोर्गहिल्डने लेफ्से आणले, बटाट्याच्या पातळ पोळ्या, लोणी-साखर लावून गुंडाळलेल्या. कर्टिसने वडिलांच्या तिरक्या टेबलावर चार खाल्ल्या. निघताना म्हणाला, “जूनमध्ये पोरांना घेऊन येतो. पाया बांधायला.” हाल्वोर म्हणाला, “टेप घेऊन ये. यांच्याकडे सगळं अंदाजपंचे.”

संध्याकाळी पाचच्या सुमारास घरात बोर्गहिल्ड एकटी उरली, कपाटातली भांडी पुन्हा मांडत. हाल्वोर वरच्या मजल्यावरून खाली आला. अंगात कामाचा कोट, हातमोजे, कानापर्यंत टोपी. पन्नास वर्षं रोज या वेळी जायचा तसा तो स्वयंपाकघराच्या दारातून बाहेर पडला, क्रेटवर पाय ठेवून खाली उतरला, वीस पावलं चालला आणि थांबला.

समोर गोठा नव्हता. गोठा बावीस नंबरमध्ये राहिला होता, गाई शरदातच विकल्या गेल्या होत्या. पुढे होतं ते नुसतं बर्फाने झाकलेलं शेत. तो हात लोंबकळते ठेवून तिथेच उभा राहिला. पुढे जायला काही नाही आणि माघारी फिरायचं तर कारण काय सांगायचं, असा.

बोर्गहिल्ड हातातली ताटली खाली ठेवून दाराकडे निघाली. पण बाहेरून आर्विड येताना दिसला. दुसऱ्याचे बूट घालून, लंगडत, उतार चढत. तो भावापासून चार हातांवर थांबला. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही. दोघं शेताकडे बघत राहिले.

“माझ्या दोन गाई व्यायला आल्यात,” आर्विड शेवटी म्हणाला. “त्यातल्या एकीचं मला खरं दिसत नाही. तू जरा बघतोस?”

“कुठली? ती लाल?”

“लाल.”

“तिला गेल्या वर्षीही त्रास झाला होता. तेव्हा का नाही विचारलंस?”

“तेव्हा आपण बोलत नव्हतो.”

“गेल्या वर्षी मार्चमध्ये बोलत होतो. जूनपासून नाही.”

“बरं. तुझंच खरं.”

हाल्वोरने हातमोजे नीट ओढले आणि उतरणीला लागला. आर्विड लंगडत मागोमाग. फाटकापाशी पोचेपर्यंत हाल्वोरचा आवाज वाऱ्यावरून बोर्गहिल्डपर्यंत येत होता. फाटकाची कडी उलटी लावलीय, चारा उघड्यावर ठेवलाय, गोठ्याचं दार उत्तरेला कोण शहाणा काढतो. आर्विड एकालाही उत्तर देत नव्हता. त्याने फक्त पुढे होऊन फाटक उघडलं, आणि भाऊ आत जाईपर्यंत ते धरून ठेवलं.